‘आमच्या’ आणि ‘मी’

प्रभूची प्रार्थना ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरू होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात ती सहाव्या अध्यायाच्या नवव्या वचनापासून आहे. त्याच अध्यायाच्या सहाव्या वचनात येशू सांगतो की प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे. दार लावल्यावर आत माणूस एकच उरतो, आणि त्या एकट्याच्या तोंडी शब्द दिला आहे ‘आमच्या’. विश्वासांगीकाराचं, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणाऱ्या ठरलेल्या मजकुराचं, नेमकं उलट. प्रेषितांचा विश्वासांगीकार सगळी मंडळी उभी राहून एका दमात म्हणते, पण त्यात विश्वास ठेवणारा कर्ता आहे ‘मी’. साठ तोंडं आणि एकवचनी क्रियापद. मराठीत तर ते क्रियापद लिंगाप्रमाणे फुटतं. बाकांच्या एका बाजूने ‘ठेवतो’ येतं, दुसऱ्या बाजूने ‘ठेवते’, आणि काही बायका जुन्या सवयीने छापलेलं पुल्लिंगच म्हणतात.

याला इतिहास आहे. प्रेषितांचा विश्वासांगीकार बाप्तिस्म्याच्या प्रश्नोत्तरांतून वाढला. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला विचारलं जाई आणि उत्तर त्याचं त्यालाच द्यावं लागे. ३२५ साली निकिया इथे जमलेल्या धर्मपरिषदेने जो मजकूर ठरवला तो मात्र ‘आम्ही विश्वास ठेवतो’ असा होता, कारण तो सभेचा ठराव होता. म्हणजे बाप्तिस्म्याचं ‘मी’ आणि सभेचं ‘आम्ही’ ही दोन्ही सर्वनामं पहिल्यापासून हातात हात घालून आली आहेत. मोठ्या शहरी चर्चमध्ये ती वेगळी राहू शकतात. तिथे मागून येऊन, उपदेश ऐकून, कुणाशी न बोलता निघून जाता येतं. तीस-चाळीस घरांच्या मंडळीत ती सोय नाही. शेवटचा बाक रिकामा दिसला की घरी निरोप जातो, ‘बरं नाही का?’

‘मंडळी’ हा शब्दही गमतीचा आहे. बायकोला ‘आमची मंडळी’ म्हणणाऱ्या भाषेने चर्चलाही तोच शब्द दिला. इमारतीच्या पाटीवर ‘ख्रिस्तमंदिर’ असतं, जुनी माणसं बोलताना देऊळ म्हणतात आणि तरुण चर्च म्हणतात. पण मंडळी म्हणजे माणसंच. ती मोजता येतात आणि कमी झालेली कळतात.

इथे ज्या मंडळ्यांबद्दल बोलतो आहे त्या गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यातल्या, नगरच्या आसपासच्या खेड्यांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) त्यांचं ठाणं बसलं, आणि १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं. खेड्यांतली मंडळी बहुतेक महार आणि मांग समाजांतून उभी राहिली. म्हणून चर्चची इमारत गावाच्या मधोमध क्वचितच आढळते. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बिशप मानणारे होते, न मानणारे होते, तान्ह्याला बाप्तिस्मा देणारे होते आणि जाणत्या वयाआधी तो देऊ नये म्हणणारेही होते. एकत्र येताना दोन्ही रीती ठेवल्या. त्यामुळे आजही एका गावात प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ घ्यायचा पाव आणि द्राक्षरस) कठड्यापाशी गुडघे टेकून घेतात, आणि पंधरा किलोमीटरवरच्या गावात बाकावर बसून ताट एकाकडून दुसऱ्याकडे देत घेतात. नव्या पाळकाचा, म्हणजे दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूचा, पहिला घोळ इथेच होतो. आधीच्या गावची रीत तो पहिल्याच महिन्यात इकडे लावू पाहतो.

पाळक हा तर छोट्या मंडळीचा कायमचा प्रश्न. एकाच्या गळ्यात तीन-चार गावं असतात. पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी येतात आणि उरलेले रविवार मंडळीतले कुणी वडील, शिक्षक, हल्ली एखादी नर्सबाई उपासना चालवते. अदीक्षित माणूस जवळजवळ सगळं करू शकतो. तो गीतं सांगतो, वचनं वाचतो, उपदेश करतो, मध्यस्थीची प्रार्थना करतो. प्रभुभोजन मात्र तो देत नाही, आणि शेवटचा आशीर्वाद देताना सर्वनाम बदलतो. पाळक हात उंचावून ‘तुम्हांबरोबर असो’ म्हणतात. वडील हात जोडूनच ठेवतात आणि ‘आपणां सर्वांबरोबर असो’ म्हणतात, म्हणजे स्वतःलाही त्यात धरतात. इंग्रजीत या जागी नुसता ‘us’ आणि ‘you’ एवढाच फरक पडतो. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे असल्याने अर्थ आणखी नेमका होतो. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आपल्या पित्या’ म्हणता येत नाही, कारण ज्याच्याशी बोलायचं तो त्या ‘आपण’मध्ये धरला जाईल. आणि त्याला ‘तू’ म्हणायचं असतं. पाळकसाहेबांना ‘तुम्ही’, बिशपांना ‘आपण’, देवाला ‘तू’. विठोबाशी एकेरीत भांडणाऱ्या भाषेला हे शिकवावं लागलं नाही.

शिकवावी लागणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वाचन. वचनं कुणी वाचायची ते शनिवारी रात्रीपर्यंत ठरलेलं असावं, नाहीतर ऐनवेळी पुढच्या बाकावरच्या मुलाला उभं करतात आणि तो नबुखद्नेस्सर राजाच्या नावापाशी अडकतो. उतारा सांगताना आधी पुस्तक, मग अध्याय, मग वचन, हे सगळं दोनदा सांगायचं आणि पानांची सळसळ थांबेपर्यंत गप्प राहायचं. हल्ली निम्मे लोक फोनवर वाचतात आणि फोनमधलं भाषांतर वेगळं निघतं. स्तोत्र आळीपाळीने वाचायचं असेल तेव्हा त्यामुळे गोंधळ होतो. एक वचन वाचकाने आणि पुढचं मंडळीने म्हणायचं, तेव्हा मंडळी दोन तऱ्हेने बोलू लागते. स्तोत्रापुरतं तरी बाकावरचं छापील पुस्तक उचलायला सांगावं.

खरी मंडळी कळते ती गाण्यात. उपासना संगीताचं पुस्तक घराघरांत असतं, बरेचदा कव्हर गेलेलं. त्यातली गीतं दोन कुळांची आहेत. एक कूळ भाषांतरितांचं. त्यात चाल परदेशी, शब्द मराठी आणि दोघांचा सतत झगडा. इंग्रजी चालीत जोर पहिल्या मात्रेवर पडतो. मराठी शब्दाला जोर नसतो, त्याला लघू-गुरू असतात. ‘प्रभू’ शब्दातलं ‘प्र’ लघू आणि ‘भू’ गुरू, पण चाल म्हणते पहिला स्वर लांबव. मग साठ माणसं वर्षानुवर्षं ‘प्रऽऽभु’ म्हणत राहतात. दुसरं कूळ इथल्या मातीतलं. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळ्यांनी पदं आणि कीर्तनं रचली, आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि पदांचा ढीग घातला. टिळकांचा अभंग लावला की पुस्तक न उघडता म्हातारी माणसं पुढे जातात. हा चवीचा फरक आहेच, पण त्याहून तो छंदाचा आहे. जे वृत्त आजीच्या जात्यावर चालत होतं ते पाठ करावं लागत नाही.

पट्टीची चूक मात्र दोन्ही कुळांत होते. गाणारा पुरुष आपल्या गळ्याची काळी दोन धरतो. बायका एक सप्तक वर गातात, आणि अंतरा तार गंधारावर गेला की त्या गप्प होतात. बाईने काळी चार धरली तर पुरुष ना वर पोचतात, ना खालच्या सप्तकात आवाज निघतो. चाल षड्जापासून वरच्या षड्जापर्यंतच असेल तर पांढरी एक किंवा काळी एक दोघांना सप्तकाच्या अंतराने झेपते. म्हणून पेटीवाल्याने शनिवारी गीतातला सगळ्यात उंच स्वर शोधावा, तिथलीच ओळ आधी गाऊन पाहावी आणि मग पट्टी ठरवावी. सुरुवात सोपी वाटली म्हणून पट्टी धरली की तिसऱ्या कडव्यात मंडळी बसते. लयीचंही तसंच. प्रत्येक कडव्यागणिक लय थोडी उतरते. तबला नसला तर झांज वाजवणाऱ्याच्या हाती सगळं असतं, आणि झांज बहुधा ज्याला ताल कळत नाही त्याच्याकडेच असते. त्याला सांगणार कोण? वीस वर्षं तो वाजवतोय.

प्रभुभोजन बहुतेक ठिकाणी महिन्याच्या पहिल्या रविवारी किंवा पाळकसाहेब येतील त्या रविवारी असतं. शास्त्रात शब्द ‘भाकर’ आहे, प्रभूच्या प्रार्थनेतही ‘रोजची भाकर’च मागायची असते. मेजावर मात्र बेकरीचा पाव असतो. तयारी शनिवारी संध्याकाळी होते. पावाच्या कापांच्या कडा काढायच्या आणि एका कापाचे उभे चार, आडवे चार असे सोळा तुकडे करायचे. साठ माणसांना चार काप पुरतात, पाचवा हाताशी ठेवायचा. पाव फार ताजा असेल तर सुरीखाली दबतो, म्हणून सकाळचा पाव संध्याकाळी कापावा. तुकडे उघडे ठेवले तर सकाळपर्यंत खडखडीत होतात. ते झाकणाच्या डब्यात ठेवायचे आणि उपासनेआधी ताटात मांडून पांढऱ्या कापडाने झाकायचे.

रसाला हंगामात काळी द्राक्षं मिळतात. एरवी काळे मनुके. पाव किलो मनुके धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी त्याच पाण्यात वीसेक मिनिटं उकळायचे, चुरून फडक्यातून गाळायचे. पाऊण लिटरच्या आसपास रस निघतो. एका छोट्या पेल्यात दहा मिलिलिटर धरले तर साठ जणांना सहाशे लागतात. म्हणजे थोडा उरतोच. तो उन्हाळ्यात बाहेर राहिला तर दुसऱ्या दिवशी फसफसतो, आणि पुढच्या वेळी तीच बाटली वापरली तर मंडळीचे चेहरे सांगतात. बाजारचं सरबत वापरू नये. ते गोड, चिकट असतं आणि मेजावरच्या कापडाला पडलेला डाग जात नाही. मनुक्याच्या रसाचा डाग लगेच गार पाण्यात धरला तर निघतो. उरलेला पाव आणि रस टाकत नाहीत. पाळक आणि मदतनीस तिथेच संपवतात. लहान मुलं दाराशी घुटमळतात, त्यांना द्यावं की नाही यावर दर गावात वेगळं मत.

पण अवघड आहे ते पावाच्या अलीकडचं. करिंथ शहरातल्या मंडळीला प्रेषित पौलाने पत्रात खडसावलं ते याच मेजावरून. काही जण आधीच खाऊन मोकळे होत आणि काही उपाशी राहत. घ्यायच्या आधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असं तो लिहितो. आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात भावाशी वितुष्ट आठवलं तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करून ये, असं आहे. मोठ्या चर्चमध्ये ही खाजगी बाब राहते. छोट्या मंडळीत दोन सख्खे भाऊ बांधावरून बोलत नाहीत आणि ताट एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जायचं असतं. एक जण ताट न घेता पुढे देतो तेव्हा सगळ्यांना कळतं. यावर उपाय म्हणून काही पाळक आदल्या आठवड्यात घरोघर फिरतात. काही फक्त उपदेशात सुचवतात, त्याने दुसऱ्या भावाचा राग वाढतो. माझ्या मते घरभेटीला पर्याय नाही, आणि न घेणाऱ्याला ढोंगी समजण्याची घाईही नको. न घेणं हाही कधीकधी वचन गांभीर्याने घेण्याचाच प्रकार असतो.

पैशाबद्दल बोललं की अध्यात्म कमी होतं असं मानणाऱ्या मंडळीत हिशेब हमखास बिघडतात. अर्पणाला ताटापेक्षा थैली बरी, दहाची नोट आणि पाचशेची नोट एकाच आवाजात पडते. उपासना संपताच दोघांनी मिळून मोजायचं, दोघं वेगळ्या घरांतले आणि खजिनदाराचे नातेवाईक नसलेले. वहीत आकडा अक्षरी आणि अंकी लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. सगळ्यात जास्त घोटाळा चोरीने होत नाही, सोयीने होतो. थैलीतूनच वायरमनला तीनशे दिले, पेट्रोलला दोनशे दिले आणि उरलेलं लिहिलं. वर्षाअखेर जमाही चूक आणि खर्चही चूक. आधी सगळं बँकेत जमा, मग काढून खर्च, एवढा एक नियम पाळला तर निम्मी भांडणं जन्मालाच येत नाहीत. कमिटी बदलली आणि विश्वस्तही बदलले तर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. तो राहून जातो, आणि दहा वर्षांनी जमिनीचा प्रश्न आला की कागदावर मयत माणसंच विश्वस्त निघतात.

कापणीचा सण हा हिशेबातला आनंदाचा दिवस. ज्वारीची पायली, भोपळा, अंडी, कोंबडी, लोणच्याची बरणी, घरचा केक, जे येईल ते वेदीपुढे मांडतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. घेतलेली वस्तू पुन्हा लिलावात द्यायची रीत आहे, त्यामुळे एकच भोपळा चारदा विकला जातो. लिलाव छोट्या वस्तूंपासून सुरू करावा. पहिलीच बोली शहरातून आलेल्या पाहुण्याने हजारावर नेली की मजुरी करणारी बाई दहा रुपयांची मेथीची जुडीही बोलायला धजत नाही. आणि बोली लगेच वसूल करावी, आता क्यूआर कोड आहेच. ‘देतो नंतर’ म्हणालेले आकडे वहीत पुढच्या कापणीपर्यंत पिकत नाहीत.

छोट्या मंडळीत पेट्या तीन असतात. वाजवायची, दानाची आणि शेवटची. घाईत कुणी ‘पेटी आणा’ म्हणालं तर कोणती ते चेहऱ्यावरून ओळखायचं. तिसरी तालुक्याहून येते, आणि कबर मंडळीतली तरुण पोरंच खणतात. सहा-साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद, निदान चार फूट खोल. काळ्या मातीत चौघं तीन-चार तासांत खणतात, पण पावसाळ्यात कडा ढासळतात आणि तळाला पाणी झरतं. म्हणून वरचं तोंड थोडं रुंद धरायचं आणि काढलेली माती कडेपासून दोन फूट लांब टाकायची. मुरूम लागला तर पहार आणि दिवस दोन्ही जातात. रविवारी चर्चला न येणारी पोरं इथे न बोलावता येतात. त्यांच्या विश्वासाबद्दल कमिटीत फार बोललं जातं. खणताना त्यांच्याकडे बघितलं तर तो विषय निघू नये.

‘मी’ म्हणण्याची कागदावरची किंमतही आहे. अनुसूचित जातींची यादी ठरवणारा १९५० चा आदेश आधी जवळजवळ हिंदूंपुरताच होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती नाहीत. त्यामुळे एकाच आडनावाच्या, एकाच वस्तीतल्या दोन चुलत भावांपैकी एकाला दाखला मिळतो आणि दुसऱ्याला नाही. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात नाव घालायचं की नुसतं मागच्या बाकावर बसत राहायचं, हा प्रश्न मग फक्त अंतःकरणाचा राहत नाही. अशा बसणाऱ्याला मंडळीतल्या लोकांनी हटकू नये. विश्वासांगीकाराच्या वेळी तो उभा राहतो. ओठ हलतात की नाही ते बघत बसणं हे कुणाचंच काम नाही.

कोरड्या दिवसांत, प्रार्थना छताला लागून परत येते तेव्हा, मंडळीचा उपयोग सगळ्यात साधा असतो. शब्द आधीच ठरलेले असतात आणि बाजूचा माणूस ते म्हणत असतो. त्याच्या ‘मी’च्या आडोशाला उभं राहता येतं. पुढच्या महिन्यात कदाचित अदलाबदल होते.

प्रभुभोजनाच्या दिवशी दुपारी पाळकसाहेब आणि मंडळीतले दोघे-तिघे अंथरुणाला खिळलेल्यांकडे जातात. सोबत डबीत पावाचे चार-पाच तुकडे, झाकणाच्या छोट्या बाटलीत पन्नासेक मिलिलिटर रस, एक चमचा, स्वच्छ रुमाल. आधी घरच्यांना विचारायचं की गिळायला त्रास आहे का, साखरेचं पथ्य आहे का. आजींना उशा लावून बसतं करायचं, आडवं असताना काही देऊ नये. तुकडा रसात पूर्ण भिजवून चमच्याने द्यायचा आणि गिळल्याची खात्री होईपर्यंत पुढचं वाक्य म्हणायचं नाही. ज्यांना घरातल्यांची नावं आठवत नाहीत त्यांच्याही तोंडून प्रभूची प्रार्थना पुष्कळदा सलग निघते. म्हणून ती सावकाश म्हणावी, त्यांच्या वेगाने. विश्वासांगीकार तिथे वेळ वाचवायला बहुतेक जण गाळतात. तो गाळू नये, मात्र आजी ‘ठेवते’वर थांबल्या तर पुढचं वाक्य सोबतच्यांनी उचलायचं. मग चमचा पुसून रुमालात गुंडाळायचा आणि पुढच्या घरी जायचं. चहा पुढच्या घरी घेऊ असं सांगितलं तरी तो इथेच घ्यावा लागतो.